रुमालातलं मंगळसूत्र

सत्तर-पंचाहत्तरच्या काळात सोलापुरात बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीला घरात काही काम नसावं, असं लोकांना वाटायचं. आईसुद्धा फणकारायची, "चेंडू फेकून पोट भरतंय व्हय?"

भरणार होतं! एका सरकारी खात्याला महिला संघासाठी खेळाडू हव्या होत्या. सामने खेळायचे, बाकीच्या दिवसांत ऑफिसात बसायचं, नोकरी कायमची. सोलापुरातून एकच मुलगी घेणार होते. वडिलांचा माग बंद पडलेला, घरात माझ्या लग्नाची बोलणी चालू. ही नोकरी मिळाली तरच मी सुटणार होते.

अडचण एकच. जवळच्या कुंभारी गावची माझी मैत्रीण माझ्यापेक्षा चांगली खेळायची. लई चांगली. तिचं नुकतंच लग्न झालं होतं आणि खात्याला लग्न झालेल्या मुली नको होत्या. पाळणा हलला की खेळ संपला, असं साहेब लोक उघड म्हणायचे. तिच्या नवऱ्याला काम नव्हतं. त्यानेच तिला अर्जात 'अविवाहित' लिहायला सांगितलं.

खेळायच्या आधी आम्ही मुली बांगड्या, कानातलं सगळं काढून रुमालात बांधून ठेवायचो. तिचं मंगळसूत्र माझ्या रुमालात असायचं. दुसऱ्या कुणावर तिचा भरवसाच नव्हता.

निवडीच्या दिवशी तिने मला पार धुऊन काढलं. खेळ संपल्यावर साहेब तिच्याशीच बोलत उभे राहिले. रुजू कधी होशील, असंही विचारलं. मी नळावर तोंड धूत ते ऐकत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तशीच गेले, साहेबांच्या पुढ्यात रुमाल सोडला आणि तिला म्हणाले, "अगं, हे घे तुझं. विसरशील."

काळे मणी माझ्या तळहातावर होते. साहेबांनी पाहिले. मग मी जीभ चावली, "अगंबाई!" म्हणाले. जीभ चावायची, हे मी नळावरच ठरवलं होतं.

साहेबांनी तिच्या नावावर काट मारली.

कपडे बदलून बाहेर आल्यावर मला रडू फुटलं. तिला कळलं तर, या भीतीने. तिने आपल्या पदराने माझे डोळे पुसले. "येडी का काय तू? चुकून झालं तुज्याकडनं. मुद्दाम करशील व्हय तू असं?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्या नोकरीवर मी जन्मभर जेवले. पुढे संघाची कप्तानही झाले. लोक कौतुक करायला लागले की अजून माझी मान खाली जाते. त्यांना वाटतं, काय विनय आहे बाईचा!

रुजू व्हायला निघाले, तेव्हा ती स्टेशनवर आली होती. हातातल्या डब्यात भाकरी आणि शेंगांची चटणी. गाडी हलायच्या आधी खिडकीशी वाकून मला बजावलं, "तितं खेळाय उतरताना दागिने कुणाच्याबी हातात देऊ नगंस. समद्या तुज्यासारख्या नसत्यात."

मी हो म्हणाले आणि डबा मांडीवर घेतला.