पिवळा गोल

चाचा कुठल्याही गोष्टीकडे सरळ बघत नसत. मान डाव्या खांद्याकडे कलवायची, एक डोळा बारीक करायचा आणि तिरकं बघायचं. बारामती एमआयडीसीतल्या आमच्या मोटारींच्या कारखान्यात रंगवलेल्या गाड्या तपासता तपासता ही सवय त्यांना जडली होती. इंदापूरच्या एसटीची पाटी, कँटीनमधली चपाती, नवा साहेब, सगळ्यांवर तीच नजर. "समोरून बघितलं की समदं चकचकीतच दिसतंय," ते म्हणत.

हातात पांढरे सुती मोजे आणि खिशात पिवळी मेणाची पेन्सिल. रंगात कण, खड्डा, ओघळ दिसला की त्याभोवती गोल. पॉलिश होऊन गाडी परत आली की पुन्हा तिरकं बघून, मगच फडक्याने गोल पुसायचा. एकदा घाईत मी पुसायला गेले, तर त्यांनी फडकं हिसकावून घेतलं. "ज्यानं गोल मारला त्यानंच पुसायचा. न्हायतर गोल जातो आन डाग ऱ्हातो."

मी कन्हेरीहून कंत्राटावर लागले होते. वडील युनियनचे, अक्षरं मी पत्रकांवरच गिरवली आणि पुढे गेटवर वाटायची पत्रकं स्वतः लिहू लागले. चाचा मला चिडवत, "काय पत्रकवाली, आज कुणाचा नंबर?"

सुरुवातीला, चाचांच्या हाताखाली येण्याआधी, माझं काम रंगाआधी गाडी पुसायचं. एके दिवशी आईने डोकं भरून खोबरेल चोपडलं आणि मी तशीच टोपीखाली वेणी दाबून गेले. तेलाचा अंश लागला की तिथे रंग धरत नाही, बारीक खड्डे पडतात. त्या दिवशी सहा बॉनेट बाद झाली. सुपरवायझर ओरडत होता, "कुणाचं काम हाय हे? आजच घरी घालवतो!" चाचांनी बॉनेटकडे तिरकं बघितलं, मग माझ्याकडे. "मी बघतो, साहेब. उद्या न्हाय पडायचे." नळावर मला एवढंच म्हणाले, "पोरी, तेल रविवारी लावत जा."

मग तपासणीला कॅमेरे आले. डाग म्हणजे काय हे त्यांना आधी शिकवावं लागतं, म्हणून चाचांना पडद्यासमोर बसवलं. फोटोमागून फोटो येत, मोजे घातलेल्या हाताने माऊस धरून चाचा गोल काढत. पडद्याकडेही मान कलवूनच.

मी म्हटलं, "चाचा, चुकीचे गोल मारा. खुळं होऊ द्या ते मशीन. ते शिकलं की पहिले तुम्हालाच काढतील."

"व्हय, काढतील की. पण गाडी घेणाऱ्यानं माझं काय घोडं मारलंय? खोटा गोल मला न्हाय जमायचा."

मला संताप आला. त्या आठवड्याच्या पत्रकात मी लिहिलं, 'आपल्यातल्याच एकाने मालकाला डोळे विकले.' चाचांना जादा काहीच मिळत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण वाक्य जोरदार होतं. मी ते ठेवलं.

सकाळी गेटवर चाचांनी पत्रक घेतलं, मान कलवून वाचलं. खिशातून पेन्सिल काढली, 'विकले' या शब्दाभोवती पिवळा गोल केला आणि कागद माझ्या हातात दिला.

"छापून झालंय, चाचा," मी ताठ्यात म्हणाले.

"गाडी बी रंगवून झालेलीच असती, पोरी."

त्यानंतर त्यांच्याशेजारी कुणी जेवायला बसेना. कॅमेरे सुरू झाले, तपासणीचं टेबल हलवलं आणि चाचांचं काम संपलं. निरोपाला कुणी थांबलं नाही. मीही नाही.

पुढे एकदा बॉनेटवर तसेच खड्डे पडले. कॅमेऱ्याने ते क्षणात पकडले. चाचांपेक्षा त्याची नजर तेजच आहे. दुपारपर्यंत एक नवी पोरगी गेटबाहेर होती. नळावर नेऊन तिला सांगणारं कुणी नव्हतं. मी दुसऱ्याच दिवशी इंदापूरला, चाचांच्या गावी गेले.

चाचा भावाच्या फरशीच्या दुकानात बसले होते, एका फरशीकडे तिरकं बघत. मी माफी मागितली. त्यांनी चहा मागवला.

"मला हितं येऊन काय सांगतीस? वाटलं व्हतंस गेटवर न्हवं? डाग पडला तितंच काढायचा."

"काढते, चाचा. पुढच्याच पत्रकात."

पण युनियनमधले म्हणाले, "आता कशाला? आपलंच हसू होईल." जे मालकाला घाबरत नव्हते त्यांना चुकीची कबुली जड जात होती, आणि मी त्यांच्यातच होते. हे पत्रक होऊ दे, ते होऊ दे, करत राहिले. पावसाळा सरता सरता इंदापूरहून फोन आला. चाचा गेले होते.

चार दिवसांनी मी गेटवर पत्रक वाटलं. 'चाचांनी काहीही विकलं नव्हतं. मी खोटं लिहिलं, ते खोटं आहे हे माहीत असताना लिहिलं.' खाली माझं नाव. लोकांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि कामाला गेले.

जुनं पत्रक माझ्याकडे आहे. मेणाचा गोल अजून तसाच पिवळा आहे. नखाने खरवडला तर निघेल. पण तो मी पुसायचा नाही, आणि ज्यांनी पुसायचा ते आता नाहीत.