दीदींचा बॅकअप आणि माझा

मंडळी, घरी आलो तरी चैन नाही पडून राहिलं.

आज आमच्या सदर भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सर्व्हरच्या दोन एसएसडी डिस्कचं फर्मवेअर, म्हणजे डिस्क चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करायचं होतं. दोन्हींवर सारखाच डेटा. लॅबच्या दीदींना विचारलं, "बॅकअप आहे ना?"

"हो भैया, रोज घेते!"

पहिली अपडेट करून सर्व्हर रीस्टार्ट केला, तर ती डिस्क दिसेचना! बाहेर रिपोर्टसाठी लोक ताटकळलेले.

"दीदी, बॅकअप ठेवता कुठे?"

"याच सर्व्हरमध्ये. काहून?"

दुसरीचं अपडेट केलंच नाही. आधी तिच्यातलं सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलं. मग सर्व्हर पूर्ण बंद करून चालू केला, तेव्हा कुठे पहिली दिसली.

दीदींना चांगलंच सुनावलं. घरी येऊन स्वतःचा लॅपटॉप उघडला. पोरीच्या फोटोंचा बॅकअप त्याच लॅपटॉपमध्ये!

आता कॉपी चालू आहे अन् मी येरझारा घालून राहिलो. तुमचा कुठे आहे हो?