हाल्मोनीचं वेंडाम

फोन वाजला की हाल्मोनी आधी उभी राहायची. जेवत असो की केस विंचरत असो, उठून अंगातलं जाकीट सारखं करायची आणि पलीकडचं माणूस बोलायच्या आत स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि धाकट्या बहिणीचं नाव एका दमात सांगून टाकायची. फोन बहुतेक वेळा विमा विकणाऱ्यांचा असायचा. ते बिचारे फोन ठेवून द्यायचे. मग ही खाली बसून गार झालेला भात पुढे ओढायची.

हाल्मोनी म्हणजे कोरियन भाषेत आजी. चेन्नईत शोळिंगनल्लूरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ती मुलाजवळ राहायची. मुलगा गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मॅनेजर. तमिळमधला एकच शब्द तिला पक्का यायचा, 'वेंडाम'. नको. भाजीवाल्याला वेंडाम, डॉक्टरला वेंडाम, माझ्या पुरणपोळीलाही वेंडाम. बाकीचं मुलगा सांगायचा, नाहीतर मोबाइल भाषांतर करायचा.

लिफ्टलाही वेंडाम. पंच्याऐंशीच्या घरातली ही बाई तिसऱ्या मजल्यावरून कठडा धरून एकेक पायरी उतरायची. तिचे गुडघे बघून मी एकदा चिडलेच. तिने मोबाइल पुढे केला. उत्तर आलं, "लिफ्टमध्ये रेंज जाते."

कोरियातल्या युद्धात हाल्मोनीच्या घरच्यांनी गाव सोडलं तेव्हा धाकटीला ताप होता. आईने तिला मावशीकडे ठेवलं, दोन-चार दिवसांत परत येऊ म्हणाली. मग देशाच्या मधोमधची सीमा कायमची बंद झाली आणि धाकटी उत्तरेत राहिली. पत्र नाही, फोन नाही. पुढे कधीमधी दोन्हीकडची सरकारं सोडत काढून थोड्या कुटुंबांची भेट घडवायची. हाल्मोनीने नाव दिलं होतं, सोबत मोबाइलचा हाच तिकडचा नंबर. नाव काही निघालं नाही, आणि नंतर त्या भेटीही बंद पडल्या. मला याचा संताप यायचा. दोन म्हाताऱ्या बहिणींनी एकमेकींचं तोंड बघायला नशिबाची चिठ्ठी कशाला लागते? "रांग मोठी आहे," एवढंच ती म्हणायची. तिचं ते शांत राहणंही मला सहन व्हायचं नाही.

माझे सासरे तंजावरकडचे मराठी, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यातून निवृत्त झालेले. महालय अमावास्येला तर्पण करताना, ज्यांची तिथी माहीत नाही अशांनाही ते पाणी सोडतात. एका वर्षी भल्या मनाने ते हाल्मोनीच्या दारात गेले. "बहिणीचं नाव सांगा की अम्मा. तिला पण एक ओंजळ सोडतों मी."

मुलाने ते आईला समजावून सांगितलं. तिच्याकडेही अशी रीत होतीच. उत्तरेत राहिलेली माणसं आता गेलीच असं धरून तिच्या मायदेशातल्या शेजारणी एकेक करून त्यांच्यासाठी नवव्या महिन्याच्या नवमीला पान मांडू लागल्या होत्या. हिने कधी मांडलं नाही. सासऱ्यांकडे बघत ती "वेंडाम" म्हणाली आणि दार लावून घेतलं. सासरे घुश्शात परत आले. "मी काय वाईट बोललों?"

मागच्या वर्षी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. स्कॅनच्या खोलीत फोन नेता येत नाही म्हटल्यावर ती आडवीच होईना. शेवटी तिने फोन दिला तो माझ्या हातात, मुलाच्या नाही. तो या वाट बघण्याला कधीच कंटाळला होता. त्याला तरी काय बोलायचं. दार बंद झालं आणि फोन वाजला. मी उभी राहिले. तिचं नाव, वडिलांचं नाव, गाव, बहिणीचं नाव, सगळं तिच्याच चालीत माझ्या तोंडून बाहेर पडलं. पलीकडे एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज काहीतरी विकत राहिला. इतकी चीड मला कधी आली नव्हती. बाहेर आल्यावर हाल्मोनीने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली.

दिवाळीनंतर ती गेली. मुलाने सामान बांधलं, आईचा नंबर बंद केला आणि तो मायदेशी परतला. नंबर तेवढा चालू ठेवा म्हणून मी त्याच्याशी भांडले. "कुणासाठी?" त्याने विचारलं.

यंदाच्या अमावास्येला सासऱ्यांनी हाल्मोनीसाठी पाणी सोडलं. मग मला हाक मारली. "त्या धाकटीचं नाव तुला ठावूक आहे की. सांग. आता रागवायला कोण आहे?"

त्यांची ओंजळ तिळाच्या पाण्याने भरलेली होती. नाव मला पाठ होतं.

"वेंडाम, मामंजी," मी म्हणाले.