कौसाआत्याच्या विहिरीवरची हाक

आधीच सांगून टाकते, माझा भुताखेतांवर काडीचाही विश्वास नाही. आधी नव्हता, आणि खाली जे लिहिणार आहे ते घडून गेल्यावरही नाही. मी जामखेडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रोज लोकांच्या दंडात सुया खुपसते. 'हिला बाहेरचं काहीतरी लागलंय' म्हणून आणलेल्या बायकांचं रक्तही मी तपासलंय. त्यात हिमोग्लोबिन कमी सापडतं, भूत अजून एकदाही सापडलेलं नाही. त्यामुळे या ग्रुपवर बाकीच्यांचे भुताचे अनुभव वाचून मी बऱ्याचदा हसलेय, काहींच्या खाली खवचट कमेंटही टाकल्यात. आता माझी पाळी आलीय... तुम्हीही हसून घ्या, हरकत नाही.

माझं माहेर जामखेड तालुक्यातच, खर्ड्याच्या बाजूला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला अजून तिथे सगळ्यांना तोंड दाखवायचंय. गावाच्या पूर्वेला आमची बौद्धवस्ती. वस्तीच्या मागे एक बारकं टेकाड, टेकाडाच्या पलीकडे ओढा, आणि ओढ्याच्या काठाला दगडी बांधकामाची जुनी विहीर. एका अंगाने तळापर्यंत पायऱ्या आहेत. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं आणि उन्हाळ्यात परत येतं, नेमकं टँकरच्या मागे पळायला.

त्या विहिरीला गाव 'कौसाची विहीर' म्हणायचं, पण आवाज खाली करून. कौसा म्हणजे माझी आत्या, अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. मी तिला पाहिलेलं नाही. तिचा फोटोसुद्धा नाही. एका दुष्काळात विहिरीचं पाणी पार तळाला गेलं होतं. आत्या शेवटच्या पायरीवर वाकून वाटीने घागर भरत होती. अण्णा तेव्हा अगदी लहान. त्यांनी वरून हाक मारली, "अक्का, भूक लागली." तिने वर पाहिलं, पाय सरकला, डोकं दगडावर आपटलं... आणि सगळं तिथंच संपलं.

पण एवढ्यावर गावाचं भागत नाही ना! मग कोणाला तरी भर दुपारी विहिरीतून बाईचा आवाज आला. कोणाची म्हैस आत पडली, ती कौसाने ओढली. एक जण पिऊन पडला, तोही कौसानेच ओढला. बाटलीचं नाव कोणी घेतलं नाही. हळूहळू एक नियमच होऊन बसला. कौसाच्या विहिरीवर कोणी कोणाला हाक मारायची नाही. आणि हाक आलीच, तर ओ द्यायची नाही, वर बघायचं नाही. वर बघितलं की ती खाली ओढते.

लोक भुतं का मानतात, यावर इथे नेहमी वाद चालतात. मला विचाराल तर, मरणाचं कारण फार साधं असलं की ते लोकांना पचत नाही. पाय सरकला, बस... एवढ्यावर समाधान कसं होणार? मग कोणीतरी ओढणारं लागतं. आमच्या गावाने त्यासाठी माझी आत्या धरली. शाळेत पोरी मला 'कौसा आली, कौसा आली' म्हणून चिडवायच्या आणि मी त्यांच्या वेण्या ओढायचे. अण्णा मात्र कोणाला काही बोलायचे नाहीत. ते त्या विहिरीकडे आयुष्यात परत गेले नाहीत. ओढ्यापलीकडच्या रानात जायचं तरी रस्त्याने लांबचा वळसा घालून जायचे. का, ते मला आईने सांगितलं. अण्णांच्या तोंडून बहिणीचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. ज्या हाकेने बहीण गेली ती आपली, आणि वर गावाने तिचीच हडळ केलेली. हे ओझं घेऊन माणूस म्हातारा झाला होता.

तर, मागच्या काही वर्षांतल्या एका उन्हाळ्याची गोष्ट. वस्तीतल्या बचत गटाच्या बायका हिवरे बाजार बघायला गेल्या होत्या. तिथलं पाणी बघून आल्या त्या पेटूनच. परत आल्या आणि मला फोन, "सुजाता, आपून आपली हीर उपसायची का?" कोणती विहीर, हे विचारायची गरज नव्हती. वस्तीच्या हक्काची तेवढी एकच. गाळाने अर्धी भरलेली, काठाला बाभळी माजलेल्या. मी लॅबमधून सुट्टी काढली आणि गेले. खरं सांगायचं तर मला पाण्यापेक्षा त्या भुताचा गाळ उपसायचा होता.

पुरुषमंडळी पारावर बसून सल्ले देत होती. बायका मात्र ऊस तोडून आलेल्या, हाताला घट्टे पडलेल्या, त्यांना गाळाचं काय कौतुक? अडचण एकच होती, शेवंताकाकू. आमच्या शेजारच्या. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा न अडखळता म्हणतात, आणि घराच्या दाराला लिंबू-मिरचीही बांधतात. म्हणजे दोन्हीकडची सोय! पण कामाला वाघीण, आणि त्या आल्या तरच बाकीच्या येणार. काकूंनी अट घातली.

"हिरीवर हाका मारायच्या न्हाईत. वरच्यांनी न्हाई, खालच्यांनी न्हाई. काय लागलं तर घमेल्यावर दगड वाजवायचा."

"काकू, अहो ती माझी आत्या हाय. मला वळखत नसंल, पर आडनाव तर वळखंल?" मी म्हटलं.

"तू गप. तुला काय कळतंय? रगात बघती तेवढं बघ."

झालं, मी तोंडाला कुलूप लावायला तयार झाले. काम सुरू झालं. खाली गाळ भरायचा, दोरीने घमेली वर जायची, वरच्या बायका ओतायच्या. सगळं मुकाट्याने. बायकांचं एवढं काम बिनबोलता चाललेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

अण्णा रोज सकाळी मला भाकरी बांधून द्यायचे आणि एवढंच म्हणायचे, "जपून." विहिरीचं नाव नाही. आईने एकदा "चला की बघायला" म्हटलं, तर उठून गोठ्यात गेले.

ज्या दिवसाबद्दल लिहितेय त्या दिवशी गाळ संपत आला होता. खाली काळा, ओला चिखल लागला होता आणि सगळ्या जणी हरखल्या होत्या. ऊन वर चढलं होतं. खाली मी, शेवंताकाकू आणि आणखी तिघी. वर दोरीवर पाच-सहा जणी. आणि तेव्हा हाक आली.

"वर या गंऽऽ!"

स्पष्ट. बाईचा आवाज, तरुण, जरासा घाईतला. कुजबुज नाही, घुमणं नाही, सिनेमातलं काही नाही. घरातून जेवायला बोलवावं तसं. खालच्या पाचही जणींनी ऐकलं. माझ्या हातातलं खोरं थांबलं. मी वर पाहिलं तर नुसतं गोल आभाळ आणि दोरी.

काकूंनी माझा दंड असा धरला की नखं रुतली. डोळे गच्च मिटलेले. "वर बघू नगं! ओ दिऊ नगं! कुनी हलू नका गं, हाय तितंच ऱ्हावा... तीच हाय ती!"

बाकीच्या तिघी खरोखरच खाली मान घालून पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. आणि मला काय झालं म्हणून सांगू... भीती नाही, संताप आला. इतकी वर्षं चिडवलेलं, अण्णांचं ते वळसा घालून जाणं, सगळं एकदम डोक्यात गेलं. म्हटलं, वरच्या कोणीतरी चहा आला म्हणून हाक मारली असणार, आणि या इथे आत्याच्या नावाने थरथरतायत! मी मोठ्याने ओ दिली, "आले गंऽ!" मुद्दाम, नियम मोडायचा म्हणूनच. काकूंचा हात धरला आणि ओढलं.

"सोड मला! मरशील!"

"मरू दे. माझी आत्या हाय, मला बोलावलंय, मी चालले. तुमी पन चला, काय बोलायचं ते मी बोलते तिच्याशी."

मी काकूंना अक्षरशः फरफटत पायऱ्यांवर आणलं. त्या शिव्या देत होत्या, पण येत होत्या. आम्ही निघालो म्हटल्यावर खाली एकटं राहायची छाती कोणाची? तिघीही मागोमाग आल्या.

वर पोचलो तर वरच्या बायका आमच्याकडे बघतायत. "का गं आल्या वर? घमेलं तर वाजवलं न्हाई, अन् सुजाता 'आले गं' कोनाला म्हनली?"

"हाक कोनी मारली?" मी विचारलं.

"कोनीच न्हाई."

चहाही आलेला नव्हता. मी तोंड उघडून काही बोलणार, तोच पायाखालची जमीन हलल्यासारखी झाली. ओढ्याच्या अंगाची विहिरीची भिंत पोट फुगवून पुढे आली आणि धाडकन आत कोसळली. आम्ही जिथे उभ्या होतो बरोबर तिथे. एकेक दगड दोन माणसांना न उचलवणारा. धूळ नाही उडाली, कारण दगडांच्या मागून पाणी आलं. गढूळ, जोरात, खळाळून. भिंतीमागे अडलेला झरा होता तो. आमच्या डोळ्यांदेखत दगड बुडाले, मग एक पायरी, मग दुसरी.

 मग शेवंताकाकू मटकन खाली बसल्या आणि हमसून रडायला लागल्या. आणि रडता रडता एकदम ओरडल्या, "पानी लागलं गं! आगं पानी लागलं!" नियम केलेल्या बाईनेच तो मोडला म्हटल्यावर काय विचारता! सगळ्या जणी जीव तोडून ओरडायला लागल्या. कोणी कोणाला चिखल फासतंय, कोणी पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालतंय, कोणी फुगडी धरलीय. टँकरवाला नेमका तेव्हाच वस्तीत आला होता, तोही पळत बघायला आला.

त्या गोंधळात मला टेकाडावरून अण्णा येताना दिसले. डोक्याला गुंडाळलेला टॉवेल सुटलेला, पायात चप्पल नाही. माझे अण्णा, विहिरीच्या वाटेवर. ते धापा टाकत माझ्यापाशी आले.

"हाक कोन मारत हुतं मघाशी?"

मी त्यांचा हात धरला. "तुमाला ऐकू आली? घरात?"

"जेवायला बसत हुतो. 'वर या' म्हनत हुतं कोन तरी. म्हनलं पोरगी खाली हाय..." ते तिथेच थांबले. मग विहिरीत वाकून पाहिलं, पडलेली भिंत पाहिली, पाणी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी काय ते सांगितलं. त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर रडले.

आता माझ्यातली लॅबवाली गप्प बसते होय? पुढचे कित्येक दिवस मी चौकशी केली. वरच्या प्रत्येक बाईला वेगवेगळं गाठून विचारलं. कोणी हाक मारली नव्हती, ऐकलीही नव्हती. ओढ्यात शेरडं राखणारं कोणी नव्हतं. कोणाचा मोबाईल वाजला नव्हता, तिथे रेंजच येत नाही. ओळखीच्या एका फिजिक्सच्या सरांनी सांगितलं की भिंत पडायच्या आधी दगड घासून माणसासारखा आवाज येऊ शकतो. मला ते पटलंही... पण दगड 'गं' म्हणत नाहीत. आणि टेकाडाच्या मागे, घरात, ताटावर बसलेल्या अण्णांना जी हाक ऐकू गेली ती काठावर उभ्या असलेल्या बायकांना कशी ऐकू गेली नाही, हे विचारलं की सर पुन्हा दगडांवरच येतात.

एक गोष्ट मात्र मला राहून राहून हसवते. मी भूत मानत असते, तर नियम पाळून खाली मान घालून उभी राहिले असते आणि दगडाखाली गेले असते. भूत मानत नव्हते म्हणून ओ दिली, म्हणून आम्ही पाच जणी आज जिवंत आहोत. याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

गाव मात्र लगेच उलटलं. कालपर्यंत हडळ, आज देवी! 'कौसानं वाचिवलं' म्हणून नारळ यायला लागले. कोणीतरी एका देवऋषीला बोलावलं. तो म्हणाला, आत्मा अडकलाय, कोंबडं द्या, मी तिला बांधून टाकतो. त्यावर ग्रामसभाच भरली. कोण म्हणे बांधा, कोण म्हणे शेंदूर लावा. सरपंचबाईंनी शेवटी विचारलं, "घरच्यांचं काय म्हननं हाय?"

अण्णा उठले. ग्रामसभेत ते कधी बोललेले नाहीत. शेवटच्या रांगेत बसतात, हजेरी लावतात, येतात. 

"तिला बांधायची न्हाई अन् शेंदूर बी लावायचा न्हाई," ते म्हणाले. "मी भूत मानत न्हाई. पर तुमी इतकी वर्षं मानलं, तर आता माझं ऐका. ती भूत आसंल, तर वर काढनारी हाय, खाली वढनारी न्हाई. अन् नसंल, तर माझी बहीन हाय. सगळ्यास्नी पानी भरताना मेली. काय बी धरा, मान तिचा हाय. तेवढा द्या."

सरपंचबाईंनी हात वर करायला सांगितले. पहिला हात शेवंताकाकूंचा वर गेला, मग बायकांच्या बाजूचे सगळे, आणि मग खालमानेने का होईना, पारावरच्या मंडळींचे. देवऋषी मधल्यामध्ये कधी सटकला, कोणाला कळलंच नाही.

भिंत नव्याने बांधून झाली. गावातल्या वरच्या आळीच्या, एरवी वस्तीकडे न फिरकणाऱ्या बायकाही आता पाण्याला आमच्याकडे येतात, आणि दिवसभर एकमेकींना खुशाल हाका मारतात. काठावर पाटी लावलीय, तिच्यावर आत्याचं पूर्ण नाव आहे, वडिलांच्या नावासकट. हाक कोणाची होती, मला आजही माहीत नाही, आणि कोणी खात्रीने सांगायला लागलं की मी त्याच्याशी भांडते. पाणी आलं त्या दिवशी संध्याकाळी अण्णा पायऱ्या उतरून खाली गेले, त्यांनी स्वतःच्या हाताने एक घागर भरली आणि खांद्यावर घेऊन सगळ्या वस्तीतून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत आले, "आमच्या कौसाअक्काचं पानी हाय, घ्या."