रेघेपर्यंत तेल

केवलरामला माणसांपेक्षा इंजिनं जास्त कळतात, हे त्याची बायको भागाबाईही मान्य करायची. गोंदियाच्या रेल्वे शेडमध्ये नऊ वर्षं काढून तो अठ्ठावन्न साली भिलाईत मेकॅनिक म्हणून आला. पोलादाचा कारखाना तेव्हा नुसता खांबांचा होता आणि अहिवाऱ्याहून चुनखडी आणणाऱ्या बारा ट्रकांमागे धुळीचा पांढरा डोंगर धावायचा.

ते ट्रक अचानक काळा धूर ओकत चढावर बसू लागले. ट्रकांचे मालक, ठेकेदार गुलाबरावांनी रायपूरच्या दुकानातून जाळीचा सुटा एअर फिल्टर आणला. कंपनीच्या फिल्टरात तेलाची वाटी असते. हवा तेलावरून जाते, धूळ तेलात अडकते. तो काढून ड्रायव्हर मारोतरावच्या ट्रकला जाळी बसवली. ट्रक पळाला! गुलाबराव खूश झाले.

"पाह्य केवलराम, कसा मोकळा श्वास घेऊन राहिला! उद्या बाराही ट्रकले हेच लावू."

केवलरामला ते पटेना. जाळीमागच्या नळीत आतून ग्रीस फासलं आणि मारोतरावला एक खेप करायला लावली. परतल्यावर नळीत बोट फिरवलं. पिठात बुडवल्यासारखं पांढरं! एवढी धूळ रोज पोटात गेली तर इंजिन किती दिवस टिकणार?

मग कंपनीचा फिल्टर का गुदमरला? त्याने काढून ठेवलेली वाटी पुसली. आत, निम्म्यावर, एक रेघ होती. तेल तिथवरच भरायचं, वर हवेला वाट मोकळी राहावी म्हणून. रेल्वेत तेलाचं भांडं काठोकाठ भरायची शिस्त. त्याच सवयीने बाराही वाट्या त्याने स्वतःच्या हातांनी काठोकाठ भरल्या होत्या.

गप्प बसला असता तर नोकरी शाबूत राहिली असती. मेली असती ती इंजिनं.

"मालक, फिल्टर चांगला हाय जी. चूक माही. जास्त तेल भरून मीच त्याचा गळा दाबला."

"अन् हे आता सांगून राहिला? मंग तुले ठेवलं कावून मी?"

"मले काढा. पण पहिले ते जाळी काढा."

"काढा मालक दोघायलेही," मारोतराव खिदळला. गुलाबरावांनी केवलरामचं ते पांढरं बोट निरखलं आणि नुसतं म्हटलं, "भर रेघेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी भरलेला ट्रक धूर न ओकता चढ चढला. संध्याकाळी केवलरामने वाटी उघडली. तळाशी पिठल्यासारखा घट्ट गाळ. एका दिवसाचा! खोल्याच्या खोल्या भरतील इतकी हवा त्या यंत्राने घटाघटा प्यायली होती आणि ओंजळभर तेलाने ती चाळून दिली होती. वाटी खाली ठेवायचंच तो विसरला.

गुलाबरावांनी मागून येऊन गाळात बोट बुडवलं.

"बाप रे! हे आपण त्याले खाऊ घालणार होतो?" मग हलकेच, "उद्यापासून बाराही वाट्या तूच धुशीन. दुसऱ्या कोनाले हात लावू देऊ नोको."