मुरगुडाची घडवंची हातकणंगल्याकडच्या शाळेत

पाण्याच्या हंड्यासाठी सागवानी घडवंची, लाकडात लाकूड बसवलेल्या कुसवाच्या सांध्यांची, खिळा एकही नाही. हंड्यावरचं घट्ट झाकण. हंड्याला डाख देऊन बसवलेली पितळी तोटी, थेंब न गळणारी. दोन बसकी बाकं. एवढं सगळं माझ्या हातानं केलं. मला कुणी उस्ताद नव्हता. लोकांच्या मोडक्या वस्तू उकलून बघत शिकलो.

माल जायचा होता हातकणंगल्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत. तिथले गुरुजी मुरगूडच्या बाजारात भेटले होते. सगळी मुलं एकत्र बसवा, असा कोल्हापूरच्या महाराजांचा हुकूम आला, त्यांनी बसवलीही. पण पाणी उघड्या माठातलं, आणि पाणी काढायचं ओगराळं धरायची मुभा गावातल्याच पोरांना. महारवाड्यातल्या सात पोरांना वरून ओतणारं कुणी नसलं की ती तहानेनं दुपारी घरी जात, ती परत येत नसत. अशानं सातांचीही शाळा सुटणार होती. "दस्तगीरभाई, पोरांना कुणाची वाट बघायला लागू नये असं काहीतरी करा," गुरुजी म्हणाले.

पहाटे गाडी जुंपली. जाणाऱ्यांनी बैलांची वैरण सोबत ठेवावी, कागलच्या अलीकडं चढ दमवतो. भाकरी, खर्डा आणि गुळाचा खडा, एवढी शिदोरी पुरते. कोल्हापुरात धर्मशाळेत मुक्काम केला, गाडी-बैल तिथंच ठेवून सकाळी आगगाडी धरली. डब्यातला एक शेतकरी बाकांकडं बघत म्हणाला, "पावणं, आमच्या शेळ्या सुदिक यापेक्षा उंच बसत्यात की."

सहा वर्षांच्या पोराचे पाय भुईला टेकले पाहिजेत, असं त्याला सांगितलं. तो स्वतःच्या लोंबत्या पायांकडं बघत राहिला.

शाळेत पोचलो आणि माझीच चूक उघडी पडली. घडवंचीचं माप मी माझ्या कमरेवरून धरलं होतं. सगळ्यात धाकटी पोर, चंद्रा, हिनं टाचा उंचावून ओंजळ धरली आणि मी तोटी सोडली, तर पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळलं. चारी पाय चार-चार बोटं कापले, वर पाण्याची परात ठेवून पातळी तपासली, मगच हंडा पुन्हा चढवला.

मधल्या सुट्टीत रांग लागली. गावचे पाटील दारात उभे होते. चंद्राचा नंबर आला. महारवाड्यातली पोर ती; तोटीपुढं उभी राहिली, ओंजळ धरली आणि मान खाली घालून थांबली. कुणीतरी ओतेल म्हणून.

गुरुजी हळूच म्हणाले, "कुणाची वाट बघतीस, बाळ? तुझी तूच सोड."

तिनं एकदा पाटलांकडं बघितलं आणि तोटी फिरवली. पोटभर प्याली. मागं पाटलांचा नातू होता. त्यानं तीच तोटी धरली, ओंजळ भरली, आणि पिता पिताच ओरडला, "आजा, गार हाय पाणी."

दुपारची घंटा झाली. मी बाकांवर मोजली, सातही होती.

परतीच्या वाटेवर बैल नेहमीपेक्षा हलके चालले, की मलाच तसं वाटलं, ठाऊक नाही. मुरगुडात येऊन आठ दिवस झाले असतील, पाटलांचा माणूस दारात हजर. कामाचं लई कौतुक केलं त्यानं. मग म्हणाला, अशीच आणखी एक घडवंची हवी. त्या सात पोरांसाठी निराळी, बाहेर लिंबाखाली ठेवायला.

त्याला चहा पाजून परत पाठवला. घडवंची करून दिली नाही. साठ रुपये देत होते.