परत न येणाऱ्यांचा अंदाज

चामराजपेटेत मी ज्या घरात भाड्याने राहत होतो, त्याची मालकीण आरोग्य केंद्राची स्वयंसेविका होती. सगळे तिला अक्का म्हणत. रक्तदाब आणि साखरेच्या मोफत तपासणीला घरोघरी बोलावणं करायचं, हे तिचं काम. त्याच मोहिमेच्या खर्चाचा अंदाज बांधणाऱ्या कचेरीत मी होतो.

अंदाजाची रीत ठरलेली होती. तपासणी सगळ्यांची धरायची; गोळ्या मात्र दोष सापडलेल्यांपैकी निम्म्यांच्याच. बाकीचे केंद्रावर परत येत नाहीत, हा आजवरचा अनुभव. न येणाऱ्यांसाठी घेतलेल्या गोळ्या मुदत संपून वाया जातात.

अक्काला ही रीत ठाऊक नव्हती. साखर सापडलेल्यांच्या दारात ती जाऊन बसे. "चप्पल घाला, मगच मी उठते." लोक येऊ लागले. जवळजवळ सगळेच आले. वर्षाचा साठा गणपतीच्या आधीच संपला.

तिचा नवरा शिंपी. दोन्ही दुखणी त्यालाही निघाली होती. पण आधी घरचं केलं असं कुणी म्हणू नये, म्हणून त्याला तिने सर्वांत शेवटी नेलं.

"औषध इल्ला, अक्का," केंद्रावरच्या औषधखिडकीतला माणूस म्हणाला. "संपलं."

दुकानातून गोळ्या आणणं त्यांना थोडेच दिवस जमलं.

"तुझ्या आफिसात विचार की रे," ती मला म्हणाली.

मी विचारलं. साहेबांनी मान वर केली नाही. "जादा तरतूद आता पुढच्या वर्षी. आणि त्या बाईंना सांगा, लोकांना इतकं ओढून आणू नका."

पहिलं वाक्य मी तिला सांगितलं.

त्यानंतर ती अडकित्त्याने उरलेल्या गोळ्या अर्ध्या करू लागली.

"सुपारी आहे का ती?" नवरा म्हणाला. "अर्धी तर फरशीच खाते."

"फरशीलाही साखर असेल. तोंड उघडा."

सांडलेली भुकटी तिने ओल्या बोटाने टिपून त्याच्या जिभेवर ठेवली. सुईचं नेढं त्याला दिसेनासं झालं होतं. दोरा तीच ओवून देई.

तेवढ्यात समोरची बाई दाराशी आली. आदल्या दिवशीच्या तपासणीत तिला साखर निघाली होती.

"अक्का, उद्या येऊ ना केंद्रावर?"

अक्काने अडकित्ता मिटला. नवऱ्याकडे पाहिलं.

"स्वल्प दिवस नको येऊस," ती म्हणाली.